थांबायला लावणारी गाडी



निवृत्त माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. 'हल्ली वेळ कसा जातो?' आणि 'तब्येत काय म्हणते?' माझ्या बाबतीत गेल्या काही वर्षांत तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे. 'किती देते?' हा प्रश्न अर्थातच माझ्या गाडीबद्दल असतो. साताऱ्याच्या मंडईतून भाजी घेऊन मी गाडीत बसत असतो, तेवढ्यात कुणीतरी अनोळखी गृहस्थ हिरवी नंबरप्लेट पाहून काचेवर टकटक करतात. 'काका, एका चार्जिंगमध्ये किती देते?' मी सांगतो, 'जाहिरातीत असतं त्यापेक्षा कमी, आणि मला लागतं त्यापेक्षा जास्त.'

आज मी तुम्हाला या विजेच्या गाडीबद्दल आणि माझ्या आणखी एका खुळाबद्दल सांगणार आहे. ते खूळ म्हणजे पत्र्याच्या डब्याने फोटो काढणं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मलाही बरेच दिवस काही संबंध दिसला नव्हता. तो दिसला माझ्या आईच्या पडवीत.

मी चौतीस वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. २०२२ साली मुलाच्या आग्रहामुळे ही गाडी घेतली. तिची बॅटरी तीस युनिटची आहे. घरच्या मीटरवर आपण जे युनिट मोजतो, तेच हे युनिट. एका युनिटात गाडी साधारण सात किलोमीटर जाते. म्हणजे पूर्ण भरलेल्या बॅटरीवर दोनशेच्या आसपास. महामार्गावर शंभरने हाणली, एसी जोरात लावला, की आकडा खाली येतो. गावात निवांत चालवली की वर जातो. रोखपालाला हा प्रकार फार जवळचा वाटतो. शिल्लक सतत डोळ्यांसमोर!

पण त्यातच गोम आहे. पेट्रोलच्या गाडीत नुसता काटा असतो. तो अर्ध्यावर आहे की जरा खाली, याची आपण फारशी फिकीर करत नाही. इथे टक्के दिसतात, आणि टक्के दिसायला लागले की माणूस बिघडतो. बासष्टचे एकसष्ट झाले की जीव हळहळतो. सौ. मला एकदा म्हणाली, 'तुमचं लक्ष रस्त्यावर आहे की पासबुकावर?'

बाकीच्या गमतीही आहेत. आमच्या शेजाऱ्यांची मांजर थंडीत रात्रभर माझ्या जुन्या गाडीच्या बॉनेटवर झोपायची. नव्या गाडीवर ती दोनदा बसून पाहून गेली. बॉनेट गरम नाही म्हटल्यावर तिने आमच्याशी संबंधच तोडले. गाडीला आवाज नाही, त्यामुळे रस्त्यातल्या गाई-म्हशी मागे वळूनसुद्धा बघत नाहीत. आमचा वॉचमन पहिल्या आठवड्यात दोनदा दचकला. 'साहेब, तुम्ही येता ते कळतच नाही,' म्हणाला. सोसायटीच्या सभेत माझ्या एका प्लगवर पाऊण तास चर्चा झाली. शेवटी मी स्वतंत्र मीटर बसवून घेतला, तेव्हा कुठे पाण्याच्या टाकीचा विषय निघू शकला.

आता दुसऱ्या खुळाकडे वळतो. आमच्या घरी वडिलांचा आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा फोटो. त्यामुळे फोटो काढण्याआधी घरात सल्लामसलत व्हायची. निवृत्तीनंतर मी त्याच्याही मागे गेलो आणि भिंगच नसलेला कॅमेरा करून पाहिला. चहाचा पत्र्याचा डबा घ्यायचा, आतून काळा रंग द्यायचा. डब्याला भोक पाडून त्यावर शीतपेयाच्या कॅनचा पातळ पत्रा चिकटवायचा आणि त्या पत्र्याला सुईच्या टोकाने बारीक छिद्र करायचं. दहा सेंटिमीटर खोल डब्याला साधारण ०.४ मिलिमीटरचं छिद्र पुरतं. अंधारात, तांबड्या दिव्याखाली, छिद्राच्या समोरच्या बाजूला ब्रोमाइड पेपरचा तुकडा लावायचा, झाकण घट्ट बसवायचं, छिद्रावर काळी चिकटपट्टी. झाला कॅमेरा.

कॅमेरा या शब्दाचा मूळ अर्थच खोली. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला लहान छिद्र असेल, तर बाहेरचं दृश्य आतल्या समोरच्या भिंतीवर उलटं उमटतं. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी छाया पाहायला मिळते, ती याच नियमाने. उजेड सरळ रेषेत जातो. त्यामुळे वरचा किरण छिद्रातून खाली पोहोचतो आणि खालचा वर. माझा डबा म्हणजे तशीच एक छोटी खोली.

फरक एवढाच, की या खोलीला घाई चालत नाही. मोबाइल सेकंदाच्या शंभराव्या भागात फोटो काढून मोकळा होतो. माझ्या डब्याला भर उन्हात पाऊण-एक मिनिट लागतं. सावलीत दहा मिनिटं, पडवीसारख्या जागी पंधरा-वीस. पहिले कितीतरी कागद वाया गेले. काही कोळशासारखे काळे, काही कोरे. हळूहळू वहीत तक्ता तयार झाला. वेळ, ऊन, मिनिटं, निकाल. पुन्हा खतावणीच म्हणा ना!

या संथ कॅमेऱ्याचा एक स्वभाव आहे. जे हलतं ते त्याला दिसत नाही. फ्रान्समधल्या दागेर यांनी १८३८ साली पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो घेतला. दिवसाउजेडीचा, वर्दळीचा रस्ता. पण फोटोत घोडागाड्या नाहीत, गर्दी नाही, सगळं ओस. कारण छाया उमटायला काही मिनिटं लागली आणि तेवढ्यात चालणारी माणसं निघून गेली. उरला तो एक माणूस. तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा होता. माणसाचा सर्वांत जुना फोटो म्हणून जो सांगितला जातो, तो हाच. त्या गृहस्थाचं नाव काही कुणाला ठाऊक नाही. तो थांबला, एवढंच त्याचं कर्तृत्व.

श्रोतेहो, आता आईकडे येतो. आमचं मूळ घर चिपळूणच्या पुढे, गुहागर रस्त्यावरच्या एका गावात. वडील गेल्यावरही आईने घर सोडलं नाही. मी महिन्यातून एकदा जायचो. पहाटे निघायचं, दहाच्या सुमाराला पोहोचायचं, औषधं आणि किराणा द्यायचा, जेवायचं, दोन वाजता निघून रात्रीच्या आत साताऱ्यात. जेमतेम चार तासांची भेट. 'राहा की रे आजचा दिवस,' असं ती म्हणायची. माझ्याकडे कारणं तयार असायची. घाट, अंधार, उद्याचं काम. निवृत्त झाल्यावर काम संपलं, पण सवय सुटली नाही.

२०२३च्या एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा विजेची गाडी घेऊन एकटाच निघालो. सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट. घरापर्यंत दीडशे किलोमीटर. जाऊन-येऊन तीनशे. म्हणजे एका दमात होणारं नव्हे. पण चिपळुणात गाडी वेगाने चार्ज करणारं यंत्र असल्याचं कळलं होतं. परत येताना तिथे तासभर थांबायचं, असा बेत केला.

कुंभार्ली घाट उतरताना मात्र मी लहान मुलासारखा खूश झालो. या गाडीत उतारावर पाय काढला, की मोटर जनित्राचं काम करते आणि बॅटरीत वीज परत जाऊ लागते. हिशेब सोपा आहे. दीड टनाची गाडी पाचशे मीटर वर चढवायला सुमारे दोन युनिटं लागतात. उतरताना त्यातली काही परत मिळतात, काही चाकं आणि वारा खातात. घाट संपला तेव्हा शिल्लक दोन टक्क्यांनी वाढली होती! शेजारीच, डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून, कोयनेचं पाणी पोफळीकडे उतरून वीज करत होतं. कोयना प्रकल्पाचे सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॉट. माझा प्रकल्प दोन टक्क्यांचा. पण तत्त्व तेच. उंचावरची वस्तू खाली आणा आणि तिचं ओझं कामाला लावा.

हा आनंद चिपळूणपर्यंत टिकला. चार्जिंगचं यंत्र बंद होतं. पडद्यावर काळोख, चौकशीला माणूस नाही. जीव मुठीत धरून घरी पोहोचलो तेव्हा एकतीस टक्के उरले होते.

आई म्हणाली, 'मग काय झालं? आपल्या घरात वीज आहे की.' ते खरंच होतं. पंधरा अँपिअरच्या साध्या प्लगवरही गाडी चार्ज होते, फक्त तासाला तीन युनिटांच्या वेगाने. म्हणजे रात्र लागणार. मी नाइलाजाने राहायचं ठरवलं आणि गाडीबरोबर आलेली वायर प्लगमध्ये घातली. तिच्या डबीवर लाल दिवा. काढली, पुन्हा घातली, पुन्हा लाल. घराला अर्थिंग नसेल तर ही गाडी वीज घ्यायलाच नकार देते, हे मी पुस्तिकेत वाचलं होतं. वाचून विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातला वायरमन आला. टेस्टर लावून हसला. 'काका, हे तिसरं भोक नुसतं शोभेचं हाय. मागं वायरच नाय.' मला एकदम आठवलं, आई कितीतरी दिवसांपासून सांगत होती, 'फ्रिजला हात लावला की मुंगी चावल्यासारखं होतं.' आणि मी दरवेळी निघता निघता सांगायचो, 'चपला घालून उघडत जा.' गाडीने जे एका सेकंदात ओळखलं आणि चार्ज व्हायला नकार दिला, त्याच घरात मी आईला इतकी वर्षं ठेवलं होतं.

मागच्या अंगणात खड्डा खणायचं ठरलं. खाली तांब्याची पट्टी, तिच्याभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर. हा आपल्याकडचा जुना प्रकार. त्याने माती ओल धरून ठेवते आणि वीज जमिनीत सहज उतरते. वायरमनने आईला बजावलं, 'आजी, उन्हाळ्यात यात रोज बादलीभर पाणी घालायचं.' आई म्हणाली, 'तुळशीला घालतेच, यालाही घालीन.'

खड्ड्याला दिवस लागणार होता. मला काही काम नव्हतं. डबा सोबत आणला होता. आई पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मी स्टुलावर डबा ठेवला, चिकटपट्टी काढली आणि म्हणालो, 'आई, हलू नकोस.' ती म्हणाली, 'निवडू की नको?' म्हटलं, 'निवड. पण उठू नकोस.' अठरा मिनिटं मी तिच्यासमोर बसून राहिलो. इतका वेळ काही न बोलता आईसमोर बसल्याचं मला आठवत नाही.

संध्याकाळी डबीवरचा दिवा हिरवा झाला. मी दुसरी रात्रही राहिलो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. त्या दोन दिवसांत जेवताना भातात तीनदा खडा लागला. आई म्हणाली, 'हल्ली तांदूळच तसा येतो.'

साताऱ्याला येऊन कागद धुतला. फोटो चांगला आला होता. पडवीचा खांब, झोपाळा, सूप. अंगणात दिवसभर खणणारा वायरमन कुठेच नाही, फक्त त्याची भिंतीला टेकवलेली पहार दिसते. आईचे हात म्हणजे सुपावरचं नुसतं धुकं. आणि चेहरा मात्र लख्ख, सुरकुती न् सुरकुती मोजावी असा. मी अभिमानाने सौ.ला दाखवला. तिने बराच वेळ पाहिला आणि विचारलं, 'आई तांदूळ निवडताना खाली का बघत नाहीत?'

मी पुन्हा पाहिलं. खरंच. आईचा चेहरा समोर होता, सरळ. अठरा मिनिटं तो तसाच होता, म्हणून तर इतका स्पष्ट आला. तांदूळ निवडणारा माणूस मान खाली घालतो, खडा दिसला की जवळ नेऊन बघतो. आई नुसत्या बोटांनी निवडत होती.

आठ दिवसांनी आम्ही दोघं गेलो. आईने उडवून लावलं. 'वयाप्रमाणे दिसतंय की. मला काय पेपर वाचायचाय?' मी वाद घातला नाही. एक प्रयोग मला तसाही करायचाच होता. गाडीच्या सगळ्या काचा आतून काळ्या कागदाने झाकल्या, घराकडच्या काचेवरच्या कागदाला मटारच्या दाण्याएवढं छिद्र पाडलं आणि आत पांढरी चादर टांगली. गाडीचीच अंधारी खोली केली. विजेच्या गाडीत इंजिन नाही, धूर नाही, त्यामुळे उभ्या गाडीत एसी लावून निर्धास्त बसता येतं. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत, विशेषतः बंद जागेत, इंजिन चालू ठेवून असं मुळीच बसू नये, हे मुद्दाम सांगतो.

आईला आत बसवलं. मिनिटा-दोन मिनिटांत डोळे सरावले आणि चादरीवर आमचं घर उलटं उतरलं. खाली आभाळ, वर अंगण, लोंबकळणारे माड. माडाची झावळी हलताना मला दिसत होती. मी विचारलं, 'आई, काय दिसतंय?' ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'उजेड दिसतोय.' 'आणखी?' 'उजेडच दिसतोय रे.'

त्यानंतर चिपळूणला डॉक्टरांकडे जायला तिने नाही म्हटलं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं तरी झाली असतील. मी आयुष्यभर हिशेब केलेला माणूस. तिथेच मनात आकडेमोड झाली. दोन वर्षं, महिन्याला एक फेरी, म्हणजे चोवीस फेऱ्या. प्रत्येक फेरीत चार तास. शहाण्णव तास मी तिच्यासमोर होतो आणि मला काही दिसलं नव्हतं. मोतीबिंदू तिच्या डोळ्यांत होता, तरी न दिसण्यात मीही भागीदार होतो.

आपला डोळा हाही एक कॅमेराच. समोर भिंग, मागे पडदा, आणि पडद्यावरची प्रतिमा उलटीच. मोतीबिंदूत हे भिंग गढूळ होतं. शस्त्रक्रियेत ते काढून कृत्रिम भिंग बसवतात. आईचा उजवा डोळा त्याच वर्षी मे महिन्यात झाला, डावा दिवाळीनंतर. दोन्ही वेळा ती दवाखान्यात आमच्या गाडीतून गेली. 'आवाज नाही, छान आहे, फक्त हॉर्न मेला फार वाजवतोस,' हा तिचा अभिप्राय.

जानेवारीत मी पुन्हा काचांना कागद लावले. आई स्वतःहून आत येऊन बसली. चादरीवर घर उलटं उतरलं. ती पुढे वाकून बघत राहिली. मग म्हणाली, 'अरे, घर उलटं झालं, पण पडलं नाही हो! आणि कौलं बघ कशी सरकलीयेत. पावसाआधी शाकारायला हवीत.' मी बाहेर येऊन पाहिलं. उजव्या कोपऱ्यातली चार कौलं खरोखरच सरकली होती.

यात गाडीची थोरवी सांगण्याचा माझा हेतू नाही. विजेच्या गाडीच्या अडचणी मी लपवलेल्या नाहीत. रस्त्यात चार्जिंगची सोय चालू असेल की नाही, याची धाकधूक अजूनही असतेच. एसटीने जाऊन मुक्काम केला असता, तरी मला हेच दिसलं असतं. पण मी मुक्काम केला नव्हता. लवकर परत आणणारी गाडी दारात होती, म्हणून परत येत होतो. या गाडीला ते जमलं नाही, एवढाच तिचा गुण. आता मी गेलो की दोन रात्री राहतो. आई कुणी विचारलं तर सांगते, 'त्याची गाडी चार्जिंगला लावलीय.' खरं तर बॅटरी पहिल्या रात्रीतच भरलेली असते. ते आम्ही दोघंही काढत नाही.

शेवटी एक सांगतो. जानेवारीतच मी पडवीत तोच फोटो पुन्हा घेतला. तोच डबा, तेच स्टूल, तेच सूप, अठरा मिनिटं. या वेळी आईने मान खाली घालून तांदूळ निवडले, मधेच वर पाहिलं, रस्त्यावरून कोण चाललंय ते पाहिलं, मला खड्डा आज ओला केला का म्हणून विचारलं. साहजिकच चेहरा पुसट आला. नाक कुठे, डोळे कुठे, काही कळत नाही. फोटो म्हणून तो साफ फसला आहे.

घरात फ्रेम करून लावला आहे तो तोच.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)